लक्ष्मी माळावर आली

(मेढा येथे झालेल्या जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हांला चिठ्ठी पाठवली की बैठकीत 'संपत्ती, सत्ता, राजकारण आणि बदलतं तंत्रज्ञान' या विषयावर बोला. चिठ्ठी वाचून आम्हांला वाटलं, पत्ता चुकला असेल. संपत्ती म्हणावी तर सोसायटीचं कर्ज सोडून नावावर मोठी अशी काही नाही. सत्ता म्हणावी तर घरात रेडिओवर कोणतं स्टेशन लावायचं हेही आम्ही कधी ठरवलं नाही. राजकारणात एकदा उभे राहिलो, पडलो. आणि तंत्रज्ञानाचं सांगायचं तर मोबाइल वाजला की अजून आम्ही उभं राहून बोलतो. मग लक्षात आलं की या चारही गोष्टी ज्यांच्याकडे आहेत त्यांना बोलायला वेळ नसतो. म्हणून आम्हांला बोलावलं.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आम्ही बोलताना 'आम्ही, आम्ही' म्हणतो. त्यात राजेशाही थाट नाही. आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यांतली पाच माणसं वारली आहेत, सहा मुंबईला आहेत, दोन लेकी सासरी आहेत आणि एक चुलता कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. एवढ्या लोकांच्या सामायिक मालकीत जो वाढला त्याच्या तोंडात 'मी' येणार कुठून?

आता बसलो आहोत ते मेढ्यात, तेव्हा सत्तेपासूनच सुरुवात करू. जावळीत सत्तेचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. इथे मोरे राज्य करत होते. आदिलशाहीने त्यांना 'चंद्रराव' असा किताब दिला होता. बाप गेला की मुलगा चंद्रराव, तो गेला की गादीवर येईल तो चंद्रराव. माणसं बदलली, नाव तेच राहिलं. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि तो किताब संपला. आम्हांला लहानपणी वाटायचं, ही जुनी गोष्ट आहे. पुढे कळलं की किताब तेवढे बदलले. आज सभापती म्हणतात, चेअरमन म्हणतात. माणूस खुर्चीवर बसला की त्याचं नाव जातं आणि खुर्चीचं नाव त्याला चिकटतं. खुर्ची गेली की तो बिचारा चार वर्षं 'माजी' लावून हिंडतो.

आमच्या जिल्ह्यात सत्ता आणि नांगर यांचीही एक गंमत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमिनीला विष चढेल. आज आपण हसतो. पण त्या शेतकऱ्याला हसू नका. नवं यंत्र फसलं तर किर्लोस्करांचा एक नांगर जाणार होता, शेतकऱ्याचं वर्ष जाणार होतं. ज्याचं वर्ष जाणार असतं तो सावध असतो. हळूहळू नांगर चालला, १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे.

तो नांगर गावोगाव विकत फिरणाऱ्यांत एक तरुण होता, भाऊराव पाटील. पुढे सातारारोडला धनजीशा कूपर यांच्या नांगराच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी काम केलं. आता पाहा, एका नांगरातून दोन वाटा कशा फुटल्या. कूपरसाहेब राजकारणात गेले आणि १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले. त्या वेळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. एप्रिलमध्ये बसले, जुलैमध्ये उतरले, साडेतीन महिन्यांचा कारभार. भाऊराव कारखान्यातून बाहेर पडले. १९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली होती, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग चालू केलं. पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. आज सातारा जिल्ह्यात कोणालाही विचारा, इलाख्याचा पहिला पंतप्रधान कोण? शंभरात एकाला सांगता येणार नाही. कर्मवीर कोण म्हणून विचारा, शाळेत न गेलेली म्हातारीही सांगेल.

आणि ज्याच्या हातात सत्ता होती आणि त्याने ती आपण होऊन सोडली असाही एक राजा आमच्याच बाजूला झाला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. १९३९ साली त्यांनी आपल्या संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती दिला. त्यानंतर अनेक जण सत्तेला लाथ मारतो असं म्हणाले. आम्ही वाट पाहत होतो. लाथ बहुधा दुसऱ्याच्या खुर्चीला बसली.

हे सगळं आम्ही शिकलो ते रयतच्या शाळेत. आमच्या वडिलांना सही येत नव्हती. कर्जाच्या कागदावर अंगठा लावताना ते दुसऱ्या हाताने तो झाकून घेत. लाज वाटायची. म्हणून त्यांनी आम्हांला पायी डोंगर उतरवून शाळेत घातलं. आम्ही सही शिकलो, वळणदार, खाली दोन टिंबांची. पन्नास वर्षं ती सही मिरवली. २०१९ साली केंद्राची वर्षाला सहा हजारांची किसान सन्मान योजना आली, २०२३ साली राज्याने तेवढेच जोडले. एका केंद्रावर गेलो. तिथला मुलगा म्हणाला, "आबा, सही नको, अंगठा लावा." आम्ही अंगठा लावला. यंत्र नाही म्हणालं. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मुलगा म्हणाला, "आबा, तुमच्या अंगठ्यावर रेघाच राहिल्या नाहीत." कशा राहतील? भात कापताना विळा हातात असतो, रेघा विळ्याने खाल्ल्या. मग म्हणाला, डोळा दाखवा. डोळ्यात मोतीबिंदू.

आम्ही तिथेच विचार केला. बापाला अंगठा होता, सही नव्हती. आम्हांला सही आहे, अंगठा नाही. आणि शेतकरी असल्याचा पुरावा काय मागतात? अंगठा. अहो, अंगठ्यावर रेघा नाहीत हाच आम्ही शेतकरी असल्याचा पुरावा! पण यंत्राला ते शिकवलेलं नाही.

याचा अर्थ आम्ही यंत्राच्या विरुद्ध आहोत असं कोणी समजू नये. तंत्रज्ञानाला घाबरवून शेतकऱ्याला मागे ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यात आमचं नाव नको. तारेचे दिवस आम्ही पाहिलेत. वाडीत तार आली की उघडायच्या आधी बायका रडायला लागायच्या, कारण कोणी मेल्याशिवाय तार येत नसे. आमच्या चुलतभावाने मुंबईहून एकदा मुलगा झाल्याची तार केली, तर तासभर रडून झाल्यावर कोणीतरी वाचली. २०१३ साली तार बंद झाली. आमच्याकडे कोणी रडलं नाही.

जावळीची निम्मी माणसं मुंबईला. पाठीवर ओझं वाहणारी, धक्क्यावर, मसाल्याच्या बाजारात, भाजीच्या बाजारात. अण्णासाहेब पाटलांनी या माथाड्यांची संघटना बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला, तेव्हा पाठीला थोडा भाव मिळाला. महिन्याची मनीऑर्डर यायची. पोस्टमन वाडीत यायचा तो मोजून नोटा द्यायचा आणि चहा पिऊन जायचा. आज मुलगा वाशीच्या बाजारातून बोट दाबतो आणि इकडे पैसे जमा होतात. चहा वाचला, पण गावातली बातमी कळायची बंद झाली. काय वाढलं आणि काय घटलं याचा हिशोब प्रत्येकाने आपापल्या घरी करावा.

तर संपत्ती. आमच्या घरची संपत्ती पाण्याखाली आहे. ही म्हण नाही, वस्तुस्थिती आहे. कोयनेच्या काठाला आमचं भाताचं रान होतं. धरण झालं. आम्ही तेव्हा सहा-सात वर्षांचे होतो. पाणी चढत होतं आणि वडील सामान वर नेत होते. १९६२ साली पोफळीला वीज तयार व्हायला लागली. आज कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. वीज मुंबईला गेली, कारखान्यांना गेली. जिच्यासाठी रान बुडालं ती वीज काठावरच्या वाड्यांत यायला मात्र वर्षानुवर्षं लागली. ज्यांना दूर सोलापूरकडे, कोकणाकडे पाठवलं त्यांच्या पुनर्वसनाची भांडणं तिसऱ्या पिढीत चालू आहेत. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला, तेव्हा आम्ही गोठ्यात झोपलो होतो. आई म्हणाली, जमीन घेतली ती घेतली, आता राहिलेली हलवून बघतात.

धरणानंतर वाघ आला. २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पुन्हा काही गावांनी सामान बांधलं. २०१२ साली कासच्या पठाराचं नाव जागतिक वारशात गेलं आणि ज्या फुलांतून आमची गुरं चरत होती त्यांना तिकीट लागलं. आता पाहुणे येत आहेत. नवीन महाबळेश्वर नावाचा प्रकल्प शासनाने आखला, नियोजनाचं काम रस्ते विकास महामंडळाकडे दिलं. पहिल्या आराखड्यात सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतली २३५ गावं. २०२४ साली त्याचा मसुदा लोकांपुढे आला. आधी धरण, मग वाघ, आता पाहुणे. विकास आमच्या दारात तीनदा आला. पहिल्या दोन वेळा तो म्हणाला, उठा. या वेळी तो म्हणतो, विकता का? एवढी प्रगती झाली हे कबूल केलं पाहिजे.

आता घरची एक गोष्ट सांगतो. ती सांगायला आम्हांला लाज वाटते, पण इथे आपली माणसं आहेत आणि जिच्याविषयी सांगायची ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. आम्ही नाही सांगितली तर ती उठून सांगेल.

१९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला. घरच्या लक्ष्मीच्या नावावर शेताचा तुकडा करून द्यायचा, उपकार म्हणून नव्हे, देणं फेडायचं म्हणून. आम्ही त्या काळात कार्यकर्ते. गावोगाव भाषणं केली. टाळ्या घेतल्या. एका गावात एक म्हातारी उठून म्हणाली, "बाबा, तू दिलास का?" आम्ही म्हणालो, "देणार आहे." म्हातारी म्हणाली, "मग दिल्यावर ये."

घरी आलो. विचार केला. सामायिक सातबाऱ्यातलं तर कोणालाच काही देता येत नाही. पण धरणानंतर वर सरकताना वडिलांनी एक वीस गुंठ्यांचा माळ घेतला होता, तो आमच्या एकट्याच्या नावावर होता. आणि ओढ्याजवळचं सात गुंठ्यांचं खाचर, तेही आमच्या एकट्याचं. खाचर पिकाचं, बारमाही ओल. माळ म्हणजे नुसता कातळ. नाचणी टाकली तर बियाणं परत येईल याची खात्री नाही. वारा असा की बकरी उभी राहत नाही. आम्ही कोणतं दिलं असेल?

बरोबर. १९९१ साली माळ हिच्या नावावर केला. फोटो काढला. पुढच्या गावात जाऊन छातीवर हात ठेवून सांगितलं की आम्ही दिला. किती दिला ते सांगितलं, काय दिलं ते सांगितलं नाही. ही काही बोलली नाही. सातबारा घेतला, पिशवीत घातला, पिशवी पेटीत ठेवली. रात्री एवढंच म्हणाली, "मला विचारून दिला नाही."

तीस वर्षं त्या माळावर काही उगवलं नाही.

आता आम्ही ज्याला कातळ म्हणत होतो त्याला दृश्य म्हणतात. माळावर उभं राहिलं की खाली सगळा जलाशय दिसतो, पलीकडे वासोट्याचं रान दिसतं, पावसाळ्यात ढग पायाखाली येतात. हे आम्ही रोज पाहत होतो, पण दृश्याला गुंठ्याला भाव असतो हे आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं. धरणाने आमचं चांगलं रान बुडवलं आणि वाईट रानाला किंमत आणली. जमिनीत पिकतं त्याची किंमत नाही, जमिनीवरून दिसतं त्याची किंमत आहे.

गेल्या वर्षी एक तरुण एजंट आला. स्वच्छ कपडे, गोड बोलणं. मोबाइलमध्ये वरून काढलेला नकाशा. त्यात आमचा माळ, आमचं घर, घरावरचा तुटका पत्रासुद्धा. आम्ही म्हणालो, "अरे, हा पत्रा तुला दिसतो, मग शासनाला पंचनाम्यात का दिसत नाही?" तो हसला. त्याला गट नंबर ठाऊक होता, हद्द ठाऊक होती. आणि आमची गोष्ट काय? २०२१ पासून पिकाची नोंद आपणच मोबाइलवर करायची आहे. खाचरात उभं राहून भाताचा फोटो काढायचा. फोटो निघतो, पुढे जात नाही, कारण दरीत रेंज नाही. तो चढवायला खिंडीपर्यंत दीड कोस चालत जावं लागतं. म्हणजे तंत्रज्ञान आमच्या दारापर्यंत आलंय, पण तोंड बाहेरच्या बाजूला करून. मुंबईत बसलेल्या माणसाला आमची जमीन दिसते. आम्हांला आमच्या जमिनीवरून मुंबई दिसत नाही.

एजंट आम्हांला म्हणाला, "आबा, गुंठ्याला अडीच लाख."

आम्ही गणितात कच्चे नाही. आमच्या चांगल्या खाचरात गुंठ्याला तीस किलो भात होतं. २०२५-२६ च्या हंगामाचा साध्या भाताचा आधारभाव क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे गुंठ्याला वर्षाला ७११ रुपये, आणि तेही बियाणं, खत, मजुरी सगळं फुकट धरून. अडीच लाखांना ७११ ने भागा. साडेतीनशे वर्षं येतात. रायगडावर राज्याभिषेक झाला १६७४ साली. त्या वर्षी आमच्या पूर्वजांनी भात लावायला घेतलं असतं, एकही वर्ष पाऊस चुकला नसता, एकाही पिढीने त्यातला दाणा खाल्ला नसता, आणि सगळं आजच्या भावाने विकलं असतं, तर आज कुठे एका गुंठ्याचे अडीच लाख जमले असते. एजंट ते कातळाचे द्यायला तयार होता, चहा पिता पिता.

या गणिताला काय म्हणावं? कोणी म्हणेल जमिनीला सोन्याचा भाव आला. आम्ही म्हणतो, भाताला मातीचा भाव राहिला म्हणून. पिकाचा भाव दाबून ठेवला की शेतकऱ्याकडे विकायला एकच माल उरतो, तो म्हणजे शेत. आणि गिऱ्हाईक कोण? १९४८ च्या कुळकायद्यातलं कलम ६३ म्हणतं, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. म्हणून शहरातला माणूस कुठून तरी शेतकरी असल्याचा दाखला मिळवतो. आमच्या पोराला शेतकरी या शब्दातून सुटायचंय, कारण त्याला मुलगी देत नाहीत. आणि शहरातल्या श्रीमंताला शेतकरी व्हायचंय, कारण त्याला जमीन देत नाहीत. दोघांची अदलाबदल करून टाकावी असं आम्ही सुचवलं असतं, पण पोराला श्रीमंती कोण देणार?

आम्ही एजंटला म्हणालो, "बसा, विचार करू." तो म्हणाला, "आबा, सही लवकर करा, भाव पडेल." आणि तेव्हा आम्हांला आठवलं की सही आमची नाही. वळणदार सही, खाली दोन टिंबं, काही उपयोग नाही. ज्याचा माळ त्याची सही. आम्ही आत हाक मारली. ही बाहेर आली. एजंट जागेवरून उठला. इतका वेळ तिच्या हातचा चहा प्यायला होता तेव्हा उठला नव्हता.

ती म्हणाली, "रस्ता कुठून नेणार?" एजंट म्हणाला, "मावशी, तो आमचा प्रश्न." ती म्हणाली, "रस्ता झऱ्यावरून जाईल. माळाखाली झरा आहे, त्याच्यावर वाडीतली बावीस घरं पाणी भरतात. तुम्ही वर बोअर मारणार, तो आटणार. तो प्रश्न कोणाचा?" एजंट आमच्याकडे बघायला लागला. आम्ही आढ्याकडे.

खरं सांगतो, तीस वर्षं आम्ही त्या माळाला नापीक म्हणत होतो. त्याच्या पोटातून वाडीला पाणी येतं हे आम्हांला ठाऊक होतं, पण ते पीक आहे असं आम्ही कधी धरलं नव्हतं. पाणी आम्ही भरत नव्हतो ना.

आमच्या घरात यावरून भांडण आहे, ते लपवत नाही. मुलगा वाशीला बाजारात आहे. भाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं. तो म्हणतो, आई, पन्नास लाख येतील, माझी स्वतःची खोली होईल. त्याचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. डोंगर राखा, झरे राखा, हे सांगायला शहरातून पुष्कळ लोक येतात, आणि ते सांगून झालं की स्वतःच्या खोलीत झोपायला जातात. आमच्या पोराने मात्र निसर्ग राखण्यासाठी भाड्याने राहायचं! आम्ही कोणाला जमीन विकू नका असं सांगायला आलेलो नाही. शेतकऱ्याला त्याचा माल विकायचा हक्क हवा, तसा जमीन विकायचाही हवा. पण विकणाऱ्याला 'नाही' म्हणता येत असेल तरच ती विक्री. पोट आणि कर्ज मागे उभं राहून ढकलत असेल तर ती विक्री नव्हे. आमच्या मते ज्याला 'नाही' म्हणता येतं तो श्रीमंत. मग त्याच्याकडे कातळ असो नाहीतर कारखाना.

आणि राजकारण? आम्ही एकदा पंचायत समितीला उभे राहिलो. सभा मोठ्या झाल्या, टाळ्या मोठ्या झाल्या, मतं दुसऱ्याला पडली. तेव्हा वाटलं, राजकारण आपलं काम नव्हे. मग २००९ च्या सुमारास जावळीच्या बायकांनी आम्हांला राजकारण शिकवलं. दारूचं दुकान ठेवायचं की नाही यावर बायकांचं मतदान. कागदावर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. नियम असा कडक की गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. मत द्यायला जी आली नाही ती दुकानदाराच्या बाजूची धरली जाणार. आमदाराला, खासदाराला अशी अट लावली तर किती निवडून येतील? पण बायका आल्या. पोरं कडेवर घेऊन आल्या, म्हाताऱ्यांना पाठीवर आणलं. जावळीत बाटली आडवी झाली आणि राज्यात दारूमुक्त तालुका म्हणून नाव झालं. चोरून पिणारा कुठे नसतो? पण सरकारी परवान्याचं दुकान बायकांनी चिठ्ठीवर शिक्का मारून बंद केलं. त्यात एकही सभापती नव्हता, चेअरमन नव्हता. ही रात्री घरी आली आणि म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं भाषणं केलीत, आम्ही एक शिक्का मारला." आम्ही जेवून झोपलो.

आता कामाचं बोलू, नाहीतर संयोजक म्हणतील नुसती करमणूक केली. तीन गोष्टी घरी जाऊन करा.

पहिली, आपला सातबारा बघा. मेलेल्यांची वारसनोंद करा. महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे सहमतीने हिस्से वाटून घ्या. सतरा नावांचा सातबारा जोवर सामायिक आहे तोवर त्यांतल्या एकालाही धड पिकवता येत नाही, आणि बाहेरचा मात्र गुपचूप एकेकाचा हिस्सा लिहून घेतो.

दुसरी, बहिणीकडून हक्कसोड घेताना जीभ चावा. मुलीला वडिलार्जित मिळकतीत हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. आपण तो हक्क एका साडीचोळीत परत घेतो. आमच्याही बहिणींकडून आम्ही घेणार होतो, साडी आणलीही होती. हिने ती साडी नेसली आणि कागद चुलीत घातला. म्हणूनच त्या दोन लेकींची नावं अजून सातबाऱ्यावर आहेत.

तिसरी, गावच्या जमिनीचा आराखडा निघाला की तो वाचा. हरकतीची मुदत असते, ती संपायच्या आत लिहून द्या. एजंटला आपला गट नंबर पाठ आहे. आपल्याला आराखड्याचा नंबर पाठ पाहिजे. पोरांच्या हातात मोबाइल आहेत, त्यांना सांगा, रात्री नाच बघून झाला की पाच मिनिटं आपल्या गावचा नकाशा बघ. यंत्र तेच आहे. त्यात कोण काय बघतो यावर कोण मालक आणि कोण माल हे ठरतं.

आता शेवटचं. माळाचं काय झालं असं सगळे विचारतात. एजंट आणखी दोनदा येऊन गेला, भाव वाढवून गेला. मुलाचा रोज फोन येतो. मुलगी म्हणते, विकू नको, भाड्याने दे. वाडीतले लोक पाण्याला जाता-येता हिच्याकडे बघतात, बोलत नाहीत. आम्ही गेल्या आठवड्यात धीर करून विचारलं, काय ठरवलंस? ही भात निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठरलं की कळेल."

मंडळी, हे तीन शब्द आम्ही जन्मभर ऐकत आलो आहोत. धरणाच्या वेळी वडील विचारायला गेले, आम्ही बोट धरून होतो, तेव्हा ऐकले. वाघाच्या वेळी ऐकले. भाव विचारायला गेलो, कर्ज विचारायला गेलो, तेव्हा ऐकले. ज्याच्या हातात असतं तो म्हणतो, ठरलं की कळेल, आणि ज्याचं असतं तो दाराबाहेर उभा राहतो. आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द ज्याचं आहे त्याच्याच तोंडून ऐकले. दाराबाहेर या वेळीही आम्हीच होतो. पण खरं सांगतो, वाईट वाटलं नाही.

तिसऱ्या रांगेतून खूण झाली आहे. शेवटची एस.टी. निघायची वेळ झाली. थांबतो.